महालक्ष्मीची मान आणि तेजाबावरचं मचाण

धरमपेठ, नागपूर
भाद्रपद वद्य पंचमी, शके १९०५

तीर्थस्वरूप सौ. जयवंताबाईंच्या पायांवर धाकटी जाऊ शामला डोकं ठेवते. आशीर्वाद देऊन ते लवकर उचलू द्यावं, कारण पुढे लिहायचं पुष्कळ आहे.

तुमचा डोळा कसा आहे? हिरवी पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे असं कळलं, म्हणजे हे पत्र भाऊजीच वाचून दाखवत असणार. आता तुम्ही जाणताच, मी ह्या घरात आल्यापासून मोठ्या दिरांशी समोरासमोर एक वाक्य बोललेले नाही (पंगतीत भात वाढू का, हेसुद्धा तुमच्यामार्फतच विचारते). ती रीत पत्रातही मोडायची नाही. मी लिहिते ते तुम्हालाच. मध्ये कुठे कंस आला आणि त्यात भाऊजींचं नाव दिसलं, तर त्यांनी तो मनात वाचावा आणि जरा खोकून पुढे जावं. इकडे सर्व ठीक. मुलं अभ्यास करतात असं त्यांचं म्हणणं आहे. ह्यांचं वजन उतरलं आहे, पण त्याचं कारण दुखणं नाही, मचाण आहे. ते पुढे येईलच.

पुसदकरांच्या सुनेनं यवतमाळला येऊन तुम्हाला काय काय सांगितलं असेल, ह्याचा मला अंदाज आहे. नागपूरला आपल्या घरची धाकटी महालक्ष्मी मान डोलावून हो म्हणते, असं सांगितलं असेल तर ते खरं आहे. शामलानं देवीला प्लास्टिकच्या नळीवर उभी केली, असं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. नळी फायबरची होती. (दोहोंत काय फरक, ते मलाही श्रावणापर्यंत माहीत नव्हतं.) तुमच्या डोळ्यामुळे ह्या वर्षी महालक्ष्म्या पहिल्यांदाच माझ्या दारी आल्या, आणि पहिल्याच वर्षी गाजल्या. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला रागवायचं कुठे ते नीट ठरवता येईल.

ह्यांच्या कंपनीत गंधकाचं तेजाब बनतं. मोठमोठ्या टाक्या आहेत आणि त्यांच्यावरून चालायला मचाण आहे, शेतात राखणीला असतं तसं, पण लांबच लांब आणि लोखंडाचं. टाक्यांतून सदा वाफ उठते आणि ती लोखंड खाते. रंग द्यावा, पोपडे निघावेत, पुन्हा रंग द्यावा. गेल्या पावसाळ्यात कवडू नावाचा कामगार वरून चालला होता, तर पत्र्यातून त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. माणूस वाचला, चप्पल गेली. टाकीत पडली आणि मग ती नव्हतीच, असं कवडू सांगतो. तळवा नाही, अंगठा नाही, खिळा नाही. तेव्हापासून तो मचाणावर चढण्याआधी हात जोडतो आणि एकदा ह्यांच्याकडे बघतो. ह्यांना ते बघणं घरी घेऊन येता येतं, खाली ठेवता येत नाही.

आता ते मचाण नव्यानं बांधायचं आहे. लोखंडाचंच बांधावं की फायबरचं, ह्याची नोट साहेबांनी ह्यांच्याकडे मागितली. देखभालीच्या खात्यात इतकी वर्षं गेली, पण दुसऱ्यानं लिहिलेल्याच्या खाली सही करण्यापलीकडे ह्यांच्यावर कधी काही आलं नव्हतं. आणि लोखंडी मचाणासाठी भाऊजींच्या कारखान्यानं भाव दिलेला आहे, हे कंपनीला ठाऊक, आम्हाला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. (भाऊजींनी इथे खोकावं.) म्हणजे एका बाजूला कवडूचा पाय आणि दुसऱ्या बाजूला सख्खा मोठा भाऊ, असा तो कागद आहे. येत्या सोमवारी तो साहेबांच्या टेबलावर पाहिजे.

फायबर म्हणजे काय, ते मला ह्यांनी एका दुपारी सांगितलं आणि खरं सांगते बाई, इतक्या हळू आवाजात हे माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. काचेचा धागा काढतात, केसाहून बारीक. त्याच्या जुड्या राळेसारख्या चिकट रसात भिजवतात आणि साच्यातून ओढून घेतात. रस वाळला की दोघांचं मिळून तिसरंच काही होतं. एकटी काच फुटते, एकटा रस तडकतो, दोघं मिळाले की कोणी कोणाला सोडत नाही. मी म्हटलं, हे तर मातीच्या भिंतीसारखं झालं. मातीत तणस घालून तुडवतो, मग तणस मातीला धरते आणि माती तणसाला. हे म्हणाले, "जवळपास." ह्यांच्या तोंडचं 'जवळपास' म्हणजे दुसऱ्याचं सुवर्णपदक. मला ते दिवसभर पुरलं.

नमुन्याला आणलेली नळी माझ्या उंचीची, पण एका बोटावर तोलावी इतकी हलकी. उन्हात धरली तर तिच्यातून मधासारखा उजेड झिरपतो. लोखंडातून कधी उजेड आलेला पाहिलाय का कोणी? (भाऊजींनी उत्तर देऊ नये.) ती नळी धरून मी अंगणात उभी होते आणि मला हळूहळू दिसायला लागलं, की अख्खी कंपनीच मधाच्या रंगाची झाली आहे. खांब मधाचे, जिने मधाचे. टाक्यांवरची वाफ म्हणजे पहाटे फुटाळा तलावाच्या पाण्यावर तरंगतं तसं धुकं, आणि त्या धुक्यावर मचाण असं अलगद टेकलेलं, जसा महालक्ष्म्यांवरचा फुलोरा, करंज्या-पापड्या दोऱ्याला लावून वर सोडलेला. माणसं त्यावरून अनवाणी चालली आहेत आणि चढण्याआधी कोणी हात जोडत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. परत आले तेव्हा डाळ करपली होती. वरची तेवढी काढून तिचं फोडणीचं वरण केलं, कोणाला कळलं नाही.

पण ह्यांचा स्वभाव तुम्ही जाणता. ऐकलेल्यावर हे विश्वास ठेवत नाहीत आणि पाहिलेल्यावर लगेच ठेवत नाहीत. तेजाब घरात आणू देणार नाही म्हटल्यावर ह्यांनी माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या मागून घेतल्या. एकीत लोखंडाचा तुकडा घातला, दुसरीत फायबरचा, आणि पोळ्यापर्यंत रोज देवाला नमस्कार करावा तसं बरण्यांपुढे जाऊन उभे राहायचे. पोळ्याला पाहिलं तर लोखंडाच्या बरणीत काजळ झालेलं. फायबरचा तुकडा पाहुण्यासारखा जसा गेला तसा बाहेर आला. काळं लोणचं मला फेकवेना. लोखंड अंगाला चांगलं असतं, म्हणून मी ते कोणाला न सांगता पानात वाढून संपवलं. घरातल्या सगळ्यांच्या जिभा जांभूळ खाल्ल्यासारख्या दिसत होत्या आणि आमच्या शेजारच्या तुळसाबाई विचारत होत्या, "काहून वं, अवेळी जांभळं कुठून आणली?" पण मी फायबरची वकिली करते आहे असं समजू नका. त्याचा एक चौकोनी तुकडा मी कढई उतरवायला खाली ठेवला होता, तर असा वास सुटला की ह्याच तुळसाबाई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. फायबर तापाला असंच वागतं, हे ह्यांनी लगेच टिपून घेतलं. कढईचं कोणी विचारलं नाही.

आता महालक्ष्म्यांकडे येते. तुम्ही पाठवलेल्या पेटीतून मुखवटे, साड्या, दागिने सगळं जसंच्या तसं निघालं. भाऊजींनी स्वतःच्या हातानं घडवलेले दोन्ही लोखंडी सांगाडेही निघाले. मोठीचा ठणठणीत. धाकटीचा उभा केला आणि मधला दांडा बुडातून झडून माझ्या पायावर आला, नुसता कीस. (दोष भाऊजींच्या कामाचा नाही. मागच्या वर्षी विसर्जनानंतर तो ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला गेला होता. कोणी गुंडाळला ते मी विचारत नाही. हा कंस भाऊजींनी मोठ्यानं वाचला नाही तर माझ्यावर उपकार होतील.) आवाहनाचा मुहूर्त डोक्यावर आलेला, आणि कोपऱ्यात ती मधाची नळी उभी. घरात फुकटचं असताना बाजारात जायचं मला पाप वाटलं. तुळसाबाईंनी धरली, मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठोकून ती सांगाड्यात घट्ट बसवली, वर पितळी मुखवटा चढवला, साडी नेसवली. देवी अशी हसरी दिसली की मीच दृष्ट काढली. संध्याकाळी हे घरी आले, पाहिलं आणि पांढरे पडले. घाबरले की हे पुस्तकी मराठी विसरतात. "काहून वं उभी केली त्याच्यावर? मले विचारून तर पाहायचं!" पण आवाहन होऊन गेलं होतं. एकदा आवाहन झालं की विसर्जनापर्यंत देवीला हलवत नाहीत. देवी आपली आपण हलली तर काय करायचं, ह्याबद्दल मात्र गुरुजींनाही काही सांगता आलं नाही.

कारण ती हलली. पूजनाच्या दिवशी दुपारी नैवेद्य दाखवला (सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं तुमच्या पद्धतीनं, फक्त तूप जरा बेतानं), भाद्रपदातला उकाडा म्हणून पंखा लावला, आणि धाकटीनं सावकाश मान पुढे केली, मागे घेतली. पुन्हा पुढे केली. झोप येत असलेल्या लेकुरवाळ्या बाईनं कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत हूं हूं करावं तशी. तुळसाबाई त्याच वेळी मनातल्या मनात नवस बोलत होत्या. त्या एकदम ओरडल्या, "पाहा वं माय, हो म्हणून राहिली!" झालं. हळदीकुंकवाला गल्ली लोटली, दिवे लागेपर्यंत रिक्षा करून जरीपटक्याच्या बाया आल्या. एका सासूनं विचारलं, सुनेचं तोंड बंद होईल का? देवी हो म्हणाली. तिच्या मागेच उभ्या असलेल्या सुनेनं विचारलं, आम्ही वेगळे निघू का? देवी हो म्हणाली. दोघी एकाच रिक्षानं आनंदात घरी गेल्या. मी तोंड उघडून सांगायला गेले, की अहो, आत नळी आहे. पण तुळसाबाई म्हणाल्या, "मग काय झालं वं? आपल्या आत हाडं नाहीत का?" थोरली मात्र लोखंडावर जागची हलली नाही. थोरलीनं सगळं पाहायचं आणि मान डोलवायची ती धाकटीनं, हे मला का कोण जाणे फार ओळखीचं वाटलं.

मग कवडूची बायको आली. गोपिका तिचं नाव. ओटी भरली, आणि बाया कमी झाल्यावर देवीच्या अगदी जवळ सरकून म्हणाली, "माय, नवं मचाण झालं का त्यायले चढू देऊ का वं? आता दोन लेकरं हायेत." देवीनं मान पुढे केली, मागे घेतली. गोपिकेनं देवीच्या पदरावर डोकं टेकलं आणि इतकी मोकळी रडली, की हे आतून पत्रावळी घेऊन येत होते ते दारातच थांबले. ती हसत उठली. जाताना मला म्हणाली, आज पोटभर जेवीन.

त्या रात्री ह्यांच्या पानातलं तसंच राहिलं. सकाळी पाहते तर हे देवीपुढे पाटावर उभे राहून तिच्या नाकासमोर फूटपट्टी धरून आहेत. पंखा लावतात, वाचतात, पंखा बंद करतात, वाचतात. मी म्हटलं, अहो, पाप लागेल. हे म्हणाले, "ती हो म्हणत नाही शामला, ती लवते आहे." मी म्हटलं, देवी भक्तापुढे लवली तरी मला तेच. त्यावर हे पाटावरून उतरून खाली बसले आणि मला नीट समजावून सांगितलं, ते मी जमेल तसं लिहिते. फायबर तुटत नाही, तेजाबाला दाद देत नाही, पण तेवढ्याच लांबीच्या, तेवढ्याच जाडीच्या लोखंडाहून आठ-दहा पट जास्त लवतं. कंपनीतले सगळे, हेसुद्धा, तुटेल का, तुटेल का, एवढंच विचारत होते. पण मचाण पायाखाली असं हूं हूं करायला लागलं तर कवडू काय करील? तो थांबेल. थांबेल, मग कठड्याला मिठी मारील, आणि पुन्हा ह्यांच्याकडे बघेल. मोडणाऱ्या लोखंडाची भीती जाऊन लवणाऱ्या फायबरची आली, तर गोपिकेला देवीनं काय सांगितलं? ह्याला उपाय आहे म्हणतात. खालचे टेकू जवळ जवळ द्यायचे. अंतर निम्मं केलं की लवणं निम्मं होत नाही, कितीतरी पटींनी कमी होतं. इतकं बोलून हे उठले, आंघोळसुद्धा न करता नोट लिहायला बसले, आणि एका बैठकीत लिहून काढली.

मी दुपारी विसर्जनाच्या आधी एकटीच देवीपुढे टेकले होते. पंखा चालू होता. खिडकीतून ऊन यायचं आणि फुलोऱ्याच्या सावल्या भिंतीवरून मासोळ्यांसारख्या जायच्या. डोळा लागत होता आणि मध्येच उघडत होता, आणि प्रत्येक वेळी धाकटी हो म्हणत होती, मी काही विचारलेलं नसताना. मग मी विचारलं. ह्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे न? हो म्हणाली. मला शंका आली, म्हणून उठून पंखा बंद केला आणि पुन्हा तेच विचारलं. हलली नाही. पंखा लावला, हो म्हणाली. आता देवीला वारा लागत होता की माझ्या प्रश्नाला, हे मॅट्रिकपर्यंतच्या शास्त्रात नव्हतं. बाई, मला वाटतं, ती आपली पोथी असते तशी आहे. उत्तर तिच्यात नसतंच, पण तिच्यासमोर बसलं की आपलं आपल्याला वाचता येतं. मी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या आणि नळी पुसून कोपऱ्यात ठेवली. ती अजून सरळ आहे, जराही वाकून राहिलेली नाही.

तेव्हापासून नोट ह्यांच्या खिशात आहे. सगळी लिहिलेली, फक्त सही नाही. सकाळी ह्या सदऱ्याच्या खिशातून त्या सदऱ्याच्या खिशात जाते. एकदा माझ्या हातून भिजली, तर हे ती तव्यावर वाळवत बसले. सही का करत नाही विचारलं तर म्हणतात, पितृपक्ष लागला आहे, शुभ काम कसं करू? (आजवर ह्यांनी पितृपक्ष फक्त खिरीवरून ओळखला.) मी म्हटलं, पितर वरून बघत असतील तर त्यांनाही कवडूचा पाय दिसत असेल. त्यावर ह्यांनी खिशातली नोट काढली आणि पुन्हा आत ठेवली. मग म्हणाले (ह्यांच्या तोंडी भाऊजी म्हणजे नानाजी), "नानाजींनी मला सायकल शिकवली तेव्हा सीट सोडली आणि मला सांगितलं नाही. मी पार बाजारापर्यंत गेलो, ते धरून आहेत असं समजून. अजूनही तसंच वाटतं." मी कढीला फोडणी दिली.

डोळ्यात औषध वेळेवर घालावं. धुरात जाऊ नये. खाली वाकू नये, कोणी पाया पडायला आलं तर त्यालाच खाली वाकू द्यावं.

तुमची आज्ञांकित धाकटी,
शामला

ता.क. हे एवढं सगळं लिहिलं ते एका कार्डासाठी. भाऊजींना सांगावं (त्यांनी वाचलंच असेल, पण तरी तुम्ही सांगावं, म्हणजे मी सांगितल्यासारखं होणार नाही), की "मधू, तुला बरोबर वाटतं ते लिही," एवढी ओळ ह्यांच्या नावे टाकावी. हे पत्र मिळताच टाकली तर सोमवारच्या आत पोचेल. लोखंड वाईट असं कोणी म्हणत नाही. फक्त तिथली वाफ त्याला सोसत नाही.

दुसरं ता.क. पाकीट चिकटवणार तोच हे कंपनीतून लवकर घरी आले. सकाळी सही केली आणि नोट साहेबांच्या हातात देऊन आले. कोणाला न विचारता! चालायची जाळी आणि कठडे फायबरचे, टेकू जवळ जवळ, आणि जमिनीवरचे जाड खांब, जिथे वाफ पोचत नाही, ते लोखंडाचेच, असं लिहिलं आहे. ते खांब कोणी करायचे हे साहेब ठरवतील, त्यात एक शब्द बोलायचा नाही असं ह्यांनी ठरवलं आहे. आता डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडले आहेत आणि मोठ्या भावाला काय तोंड दाखवू, असं पंख्याला विचारत आहेत. तेव्हा कार्डाची गरज उरली नाही. तरी टाकावंच.

तिसरं ता.क. भाऊजी, हे मी तुम्हालाच लिहिते आहे. पदर डोक्यावर आहे. सही ह्यांनी केली, पण आठ दिवस मीच पाठीमागे लागले होते, तेव्हा रागवायचं ते माझ्यावर रागवा. ह्यांच्यावर रागावलात की तुम्ही तिकडे जेवत नाही आणि हे इकडे जेवत नाहीत, आणि दोन घरचा स्वयंपाक वाया जातो.